लहान स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये नक्की ठरवतं कोण, आणि कधी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गेल्या वर्षी तुम्ही न्यू जर्सीतल्या एका छोट्या बरोमध्ये (स्वतःचा कारभार असलेल्या गावात) घर घेतलंत. तिथल्या डिस्ट्रिक्टच्या (गावच्या शाळा चालवणाऱ्या स्वतंत्र संस्थेच्या) दोनच शाळा, किंडरगार्टन ते आठवी. नववीपासून मुलं शेजारच्या गावाच्या हायस्कूलला जातात. यंदाच्या बजेटात लायब्ररियनची आणि स्पॅनिशच्या शिक्षिकेची जागा गेली, शाळेजवळ राहणाऱ्या मुलांची बस बंद झाली. तुम्ही पालकांच्या सह्या गोळा केल्या, मे महिन्यात बोर्डाच्या (डिस्ट्रिक्टच्या निवडून आलेल्या मंडळाच्या) बैठकीला गेलात, प्रत्येकी तीन मिनिटं बोललात. बोर्डाने मान डोलावत ऐकून घेतलं आणि थोड्याच वेळात बजेट जसंच्या तसं मंजूर केलं. आता तुम्ही विचारताय की हे लोक ऐकतात तरी कोणाचं, तक्रार कोणाकडे न्यायची, आणि मुलं लहान आहेत तोवर मोठ्या डिस्ट्रिक्टमध्ये घर बघावं का.

अशाच आकाराच्या एका डिस्ट्रिक्टच्या बोर्डावर मी काही वर्षं होते, त्यातली बरीचशी फायनान्स कमिटीत. स्पष्टच सांगते: तुम्ही योग्य माणसांकडे गेलात, पण दोन-तीन महिने उशिरा गेलात. मेमधली सुनावणी कायद्याने घ्यावी लागते म्हणून होते. तोवर आकडे कौंटीच्या (म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या) ऑफिसातून तपासून आलेले असतात आणि बोर्डाच्या हातात हलवण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं.

आधी, एवढे छोटे डिस्ट्रिक्ट मुळात आहेतच कशाला? महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला हे पटकन पचत नाही, कारण आपल्याकडे अख्ख्या जिल्ह्यातल्या खेडोपाडीच्या शाळा एका जिल्हा परिषदेच्या हाताखाली. इथे 564 गावं-शहरं आणि जवळजवळ सहाशे डिस्ट्रिक्ट! याचं मूळ 1894 सालात आहे. त्या वर्षी राज्याने कायदा करून प्रत्येक टाउनशिपमधले विखुरलेले शाळा-विभाग एकत्र केले, म्हणजे सगळ्या शाळांचा खर्च सगळ्यांनी मिळून उचलायचा. बरो मात्र त्यातून वगळले होते. मग काय, पलीकडच्या वस्तीच्या शाळेचा बोजा आपल्यावर नको म्हणून लोकांनी भराभर आपापले बरो काढले. एकट्या बर्गन कौंटीत त्या सुमारास दोन डझनांहून जास्त बरो जन्माला आले. ‘आमचा कर आमच्याच शाळेला’ ही भावना यातल्या कित्येक गावांच्या जन्माचंच कारण आहे. एकत्रीकरणाची चर्चा ट्रेंटनमध्ये, म्हणजे राज्याच्या राजधानीत, वर्षानुवर्षं चालते, 2022 मध्ये त्यासाठी पाहणीला अनुदान देणारा कायदाही झाला, पण मतदान घेऊन खरोखर एकत्र आलेली उदाहरणं मोजकीच. लॅम्बर्टव्हिल, स्टॉकटन आणि वेस्ट ॲमवेल 2014 मध्ये साउथ हंटरडन रीजनल म्हणून एक झाले. अटलांटिक हायलंड्स आणि हायलंड्स 2024 मध्ये हेन्री हडसन रीजनलमध्ये आले. तेव्हा तुमचं डिस्ट्रिक्ट उद्या कुणात विलीन होईल ही आशा (किंवा धास्ती) सध्या बाजूला ठेवा.

आता माणसं. बोर्डावर बहुतेक ठिकाणी नऊ जण, काही लहान गावांत सात किंवा पाच. पगार नाही, मुदत तीन वर्षांची, दरवर्षी साधारण एक तृतीयांश जागांची निवडणूक, पक्षाचं नाव-चिन्ह नाही. यांच्यापैकी कोणालाही एकट्याने काही हुकूम देता येत नाही. पटेल ब्रदर्सच्या वाणसामानाच्या दुकानात भेटलेला बोर्ड मेंबर “बघतो मी” म्हणाला, तर तो फार तर सुपरिंटेंडंटना, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या मुख्य अधिकाऱ्याला, ईमेल पाठवू शकतो. शिक्षक नेमणं, बदली करणं, पुढच्या वर्षी चालू ठेवणं, यातलं काहीही सुपरिंटेंडंटच्या शिफारशीशिवाय बोर्डाला करता येत नाही. शिफारस नाकारता येते, आपला माणूस बसवता येत नाही. बोर्डाचा खरा अधिकार सुपरिंटेंडंट कोण असावा, बजेट किती असावं आणि धोरणं काय असावीत, एवढ्यापुरता. सुपरिंटेंडंट बोर्डाच्या बैठकीला बसतात, बोलतात, पण त्यांना मत नसतं.

मोठ्या डिस्ट्रिक्टमध्ये ज्या कामांना वेगवेगळी ऑफिसं असतात, ती इथे तीन-चार डोक्यांवर असतात. सुपरिंटेंडंटच एका शाळेची प्रिन्सिपल असते, अभ्यासक्रमही तीच बघते, राज्याच्या चाचण्यांचा समन्वयही तिच्याचकडे. तुमच्या ईमेलला चार दिवस उत्तर आलं नाही तर लगेच उर्मटपणा समजू नका. सबस्टिट्यूट (बदली शिक्षक) मिळाला नाही म्हणून ती लंचरूममध्ये उभी असू शकते. आणि दुसरा माणूस, ज्याचं नाव पालकांना बहुधा माहीतच नसतं: बिझनेस ॲडमिनिस्ट्रेटर, थोडक्यात बी.ए., पैशाचा कारभार बघणारा. बोर्डाचा सेक्रेटरीही बहुतेक ठिकाणी तोच. बसचे रूट, विमा, कंत्राटं, पगार, बजेटचं सॉफ्टवेअर, सगळं त्याच्या टेबलावरून जातं. लहान डिस्ट्रिक्ट पुष्कळदा हा माणूस शेजारच्या डिस्ट्रिक्टबरोबर वाटून घेतात. माझ्या अनुभवात चांगला सुपरिंटेंडंट गेला की गाव हळहळतं, पण चांगला बी.ए. गेला की पुढची दोन वर्षं पैशाचा ताळमेळ लागत नाही. त्याची बातमी मात्र कुठे होत नाही.

त्याचं काम बघायचं असेल तर बैठकीच्या अजेंड्याला जोडलेली बिलांची यादी उघडा. दर महिन्याला बोर्ड त्यावर मत देतं आणि पालकांपैकी कोणीही ती वाचत नाही. पुरवठादाराचं नाव, खात्याचा कोड, रक्कम, अशा पानंच्या पानं ओळी असतात. पेन्सिल-कागदाच्या ओळी सोडून द्या. ‘ट्यूशन’ (बाहेरच्या शाळांना दिलेली फी), ‘ट्रान्सपोर्टेशन’ (बस) आणि सबस्टिट्यूट पुरवणाऱ्या कंपनीच्या ओळी शोधा आणि ऑक्टोबर, जानेवारी, एप्रिल अशा तीन महिन्यांच्या याद्या शेजारी ठेवा. ट्यूशनची ओळ मध्येच फुगली असेल तर पुढच्या वसंतात कुठली तरी जागा जाणार हे तुम्हाला जानेवारीतच कळतं. सबस्टिट्यूटची ओळ फुगली असेल तर शिक्षक रजेवर आहेत किंवा सोडून चाललेत.

पैशाचं गणित समजलं की बाकीचं आपोआप उलगडतं. न्यू जर्सीत प्रॉपर्टी टॅक्सचा साधारण अर्धा हिस्सा शाळांना जातो, आणि तुमच्यासारख्या गावात बजेटचा मोठा भाग त्यातूनच येतो. 2010 च्या कायद्याने हा कर एका वर्षात दोन टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. आरोग्य विमा, पेन्शन, विद्यार्थीसंख्येतली वाढ अशा थोड्याच बाबतींत सवलत आहे. समजा तुमच्या डिस्ट्रिक्टचा कर दीड कोटी डॉलर आहे. दोन टक्के म्हणजे तीन लाख. पुढच्या वर्षी याहून जास्त वाढ नाही. आता त्यातून शिक्षकांची करारातली पगारवाढ, आरोग्य विम्याचा वाढलेला हप्ता आणि बसच्या कंत्राटाची वाढ भागवा. यातला विम्याचा हप्ता कुणाच्याच हातात नसतो आणि तो काही दोन टक्क्यांची मर्यादा पाळत नाही. पाच-सात जुने शिक्षक एकाच वर्षी निवृत्त झाले तर हे बजेट तरतं, कारण नवे शिक्षक कमी पगारावर येतात. कोणीच निवृत्त झालं नाही तर जागा जातात.

राज्याच्या मदतीचं म्हणाल तर 2008 चा फंडिंग कायदा आहे आणि 2018 मध्ये त्यात मोठा बदल झाला. ज्यांना सूत्राप्रमाणे जास्त मदत मिळत होती त्यांची ती सात वर्षांत टप्प्याटप्प्याने कापली गेली. मुलं घटलेल्या कितीतरी लहान डिस्ट्रिक्टना हा फटका बसला. खर्च मात्र मुलांबरोबर घटत नाही: दुसरीत चव्वेचाळीसऐवजी अडतीस मुलं आली तरी वर्ग दोनच लागतात, शिक्षक दोनच, बॉयलर तोच. उलट ऑगस्टअखेर चार-पाच नवी मुलं दाखल झाली आणि बोर्डाच्या धोरणातली वर्गाची मर्यादा ओलांडली, तर तिसरा वर्ग काढावा लागतो. एक शिक्षक, त्याचा विमा, आणि बजेट तर जुलैतच सुरू झालेलं.

याच गणितातली सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे स्पेशल एज्युकेशन. एखाद्या मुलाच्या गरजा गावच्या शाळेत भागत नसतील तर डिस्ट्रिक्टला त्याला बाहेरच्या खास शाळेत पाठवावं लागतं; फी आणि बस धरून वर्षाचा खर्च लाख डॉलरपर्यंत जाऊ शकतो. राज्याकडून ठरावीक मर्यादेवरच्या खर्चाचा काही हिस्सा परत मिळतो, पण उशिरा आणि अपुरा. वरच्या हिशेबात अशी दोन मुलं म्हणजे वर्षाच्या वाढीतला दोन तृतीयांश भाग. एक कुटुंब गावात राहायला आलं एवढ्यानेही लायब्ररियनची जागा डळमळू शकते. हे सांगताना मला एकाच गोष्टीची भीती वाटते. लहान गावात लोकांना कळतं की ते मूल कोणाचं, आणि मग पार्किंगमध्ये कुजबुज सुरू होते. त्या मुलाचा तो हक्क आहे, 1975 च्या केंद्रीय कायद्याने दिलेला. बोर्ड त्यावर घासाघीस करू शकत नाही आणि करू नये. तुमच्या मोहिमेतलं कोणी असं बोलायला लागलं तर तिथेच थांबवा. सूत्रच असं आहे की अख्ख्या राज्याने उचलायचा भार एका गावावर पडतो. राग काढायचाच तर ट्रेंटनवर काढा.

आता तुमचा मुख्य मुद्दा, कॅलेंडर. आर्थिक वर्ष 1 जुलै ते 30 जून. 15 ऑक्टोबरला पटावरची मुलं मोजली जातात आणि तो आकडा राज्याकडे मदतीच्या हिशेबासाठी जातो. नोव्हेंबर-डिसेंबरात प्रिन्सिपल आपापल्या मागण्या देतात आणि सुपरिंटेंडंट नि बी.ए. पहिला कच्चा आराखडा करतात. त्याच सुमारास गेल्या वर्षाचा ऑडिट रिपोर्ट येतो. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात नवं बोर्ड शपथ घेतं, प्रेसिडेंट निवडतं, कमिट्या ठरतात. जानेवारी-फेब्रुवारीत फायनान्स कमिटी बसते. लायब्ररियन की गणिताची जादा शिक्षिका, बस की नर्सची मदतनीस, असे पर्याय खऱ्या अर्थाने मांडले जातात ते इथे. फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या सुरुवातीला गव्हर्नरचं बजेट भाषण होतं आणि पाठोपाठ प्रत्येक डिस्ट्रिक्टच्या मदतीचा आकडा जाहीर होतो. त्यानंतर जेमतेम दोन-तीन आठवड्यांत बोर्डाला तात्पुरतं बजेट मंजूर करून कौंटी सुपरिंटेंडंटच्या ऑफिसला पाठवावं लागतं. सार्वजनिक सुनावणी एप्रिलअखेर किंवा मेच्या पहिल्या आठवड्यात. टेन्युअर (नोकरीतला कायमपणा) नसलेल्या शिक्षकांना पुढच्या वर्षी घेणार की नाही, हे 15 मेपर्यंत लेखी कळवावंच लागतं.

यावरून लक्षात येईल की बोलायची जागा जानेवारी-फेब्रुवारीची बैठक. तेव्हा सभागृहात बोर्ड, दोन कर्मचारी आणि एखादा पेंगुळलेला वार्ताहर असतो. त्या बैठकीत चार पालक उभे राहिले आणि म्हणाले की जागा जाणार असेल तर बस जाऊ दे पण लायब्ररी ठेवा, तर फायनान्स कमिटी ते वाक्य पुढे महिनाभर विसरत नाही. मेमध्ये तीनशे सह्या आल्या की सगळ्यांना वाईट वाटतं, बस. आणि ‘काहीच कापू नका’ हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण दोन टक्क्यांपुढे जायचं तर मतदारांपुढे वेगळा प्रश्न ठेवावा लागतो आणि गावात निवृत्त लोकही राहतात. 2012 पासून बहुतेक डिस्ट्रिक्टनी निवडणुका एप्रिलवरून नोव्हेंबरला नेल्या. मर्यादेतलं बजेट तेव्हापासून मतदारांपुढे जातच नाही. लोकांची एक लगाम त्यात गेली असं मला वाटतं, माझे जुने सहकारी याच्याशी सहमत नाहीत.

जून महिनाही डोळ्यांखालून घाला. वर्षअखेरीला शिल्लक राहिलेले पैसे डिस्ट्रिक्टला मनाप्रमाणे साठवता येत नाहीत. बजेटच्या साधारण दोन टक्क्यांवरची शिल्लक पुढे कर कमी करायला वापरावी लागते. म्हणून जूनच्या अजेंड्यावर ‘कॅपिटल रिझर्व्ह’, ‘मेंटेनन्स रिझर्व्ह’मध्ये रक्कम वळवण्याचे ठराव येतात. त्यात गैर काही नाही, छप्पर कधीतरी गळणारच आहे. पण मार्चमध्ये पैसे नाहीत म्हणून जागा गेली आणि जूनमध्ये मोठी रक्कम रिझर्व्हमध्ये गेली, तर त्याचा खुलासा मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

तुमच्या कापल्या गेलेल्या गोष्टींबद्दल. स्पॅनिशची शिक्षिका गेली म्हणजे विषय गेला असं नाही. दुसरी भाषा हा राज्याच्या अभ्यास-मानकांचा भाग आहे. पुढच्या वर्षी कोणत्या इयत्तेला आठवड्याला किती मिनिटं, कोण शिकवणार, की संगणकावरचा प्रोग्राम लावून मोकळं होणार, हे सुपरिंटेंडंटना लेखी विचारा. त्याचं उत्तर त्यांना द्यावं लागेल. लायब्ररियनचं प्रकरण गुंतागुंतीचं असू शकतं: तिला टेन्युअर असेल आणि प्राथमिक शिक्षिकेचं सर्टिफिकेटही असेल, तर सेवाज्येष्ठतेने ती एखाद्या कनिष्ठ शिक्षिकेच्या जागी येऊ शकते आणि प्रत्यक्षात नोकरी जाते ती दुसरीच्या वर्गावरच्या त्या नव्या, सगळ्यांच्या लाडक्या मुलीची. बोर्ड याबद्दल जाहीरपणे बोलत नाही ते कायद्यामुळे. व्यक्तीच्या नोकरीची चर्चा बंद दाराआड होते आणि त्या व्यक्तीला आधी नोटीस द्यावी लागते. बसच्या बाबतीत मात्र तुमची बाजू कमजोर आहे. कायद्याने बस द्यावी लागते ती आठवीपर्यंत दोन मैलांपलीकडच्या आणि हायस्कूलला अडीच मैलांपलीकडच्या मुलांना. त्याच्या आतली बस ही डिस्ट्रिक्टची मेहेरबानी. फूटपाथ नसलेला मोठा रस्ता ओलांडावा लागत असेल तर धोकादायक मार्ग म्हणून मागणी करा, किंवा पैसे भरून मिळणाऱ्या बसची. गावच्या पोलिसांचं मत जोडलंत तर वजन येतं.

तक्रारीचा क्रम सगळीकडे तोच: शिक्षक, प्रिन्सिपल, सुपरिंटेंडंट, मग बोर्ड. लहान गावात बोर्ड मेंबर शेजारीच राहतो म्हणून लोक पहिल्या तीन पायऱ्या गाळतात. त्यात तुमचंच नुकसान आहे. छळाच्या तक्रारीसारखी प्रकरणं अपिलात बोर्डापुढे येतात आणि तिथे बोर्ड न्यायाधीशाच्या जागी असतं. आधीच तुमच्या स्वयंपाकघरात बसून सगळं ऐकलेल्या मेंबरला मग बाजूला व्हावं लागतं, आणि तुमची व्यथा समजलेला एकमेव माणूस मतदानाला उरत नाही. छळाची तक्रार लेखी द्या. 2011 च्या कायद्याप्रमाणे चौकशी साधारणपणे शाळेच्या दहा दिवसांत पुरी व्हायला हवी. मुलाला शिकण्यात अडचण असेल असं वाटलं तर चाइल्ड स्टडी टीमला (अशा मुलांची तपासणी करणाऱ्या शाळेच्या तज्ज्ञांना) मूल्यमापनाची विनंती लेखीच करा, तारीख घालून. वीस दिवसांत बैठक, आणि तुमच्या संमतीनंतर नव्वद दिवसांत मूल्यमापनापासून योजना लागू होईपर्यंत सगळं. शिक्षक-पालक भेटीत तोंडी बोललेल्या विनंतीवर हे घड्याळ सुरू होत नाही. कागदपत्रं हवी असतील तर ओप्रा कायद्याखाली (आपल्याकडच्या माहिती अधिकारासारखा राज्याचा कायदा) अर्ज करा. उत्तर सहसा कामकाजाच्या सात दिवसांत येतं. मात्र ‘लायब्ररीबद्दलचे सगळे ईमेल’ असं मागू नका. ठरावीक कागद, ठरावीक महिना असं मागा. अर्ज त्याच बी.ए.च्या टेबलावर जातो.

डिस्ट्रिक्ट लहान असण्यातली एक गंमत बाहेरच्यांना दिसत नाही. बोर्डावरच्या कोणाची बायको शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये शिक्षिका असते, कोणाची मुलगी आपल्याच शाळेत मदतनीस. एकाच राज्यव्यापी संघटनेचे सभासद असलेले नातेवाईक असले की शिक्षकांच्या कराराच्या वाटाघाटीत त्या मेंबरला भाग घेता येत नाही. नऊपैकी पाच-सहा जण असे अडकले की करार मंजूर करायला कोरमच उरत नाही, आणि मग वकिलांच्या सल्ल्याने नाइलाज म्हणून खास ठराव करून सगळ्यांना मत द्यावं लागतं. यात लबाडी नसते, गावच तेवढं असतं.

तुमच्या बाबतीत हायस्कूलचा मुद्दा याहून मोठा आहे आणि तुम्ही त्याबद्दल काहीच विचारलेलं नाही. तुमचं डिस्ट्रिक्ट नववीपासूनच्या प्रत्येक मुलामागे शेजारच्या डिस्ट्रिक्टला फी देतं. ही फी आधी अंदाजाने आकारतात आणि ऑडिटनंतर तिचा मेळ घालतात, त्यामुळे जुन्या वर्षाचा फरक पुढच्या बजेटात येऊन आदळू शकतो. आणि तिथल्या बोर्डावर तुमच्या गावाचा, मुलांचं प्रमाण पुरेसं असलं तर, जास्तीत जास्त एखादा प्रतिनिधी, तोही ठरावीक विषयांवरच मत देणारा. तुमच्या मुलांची चार महत्त्वाची वर्षं ज्या बोर्डाच्या हातात आहेत त्याला तुम्ही मत देत नाही. हा संबंध तोडायचा तर राज्याच्या शिक्षण कमिशनरची परवानगी लागते, ती सहजी मिळत नाही. म्हणून घर बदलायचा विचार करताना आधी ते हायस्कूल बघा.

घर बदलावं का? प्राथमिक शाळेसाठी मी बदलणार नाही. एडिसनसारख्या मोठ्या डिस्ट्रिक्टमध्ये पर्याय खूप, लायब्ररियनची एक जागा गेली तर तिथे कोणाला कळतही नाही. लहान शाळेत तुमच्या मुलाला नर्सपासून सफाई कामगारापर्यंत सगळे नावाने ओळखतात, आणि पहिलीत न वाचणारं मूल चौथीपर्यंत नजरेआड राहू शकत नाही. तोटाही तितकाच खरा: सातवीला गणिताला एकच शिक्षक, त्यांचं-तुमच्या मुलाचं जमलं नाही तर दुसरा वर्ग नाही. तीच चाळीस मुलं नऊ वर्षं बरोबर; एखाद्याचं बिनसलं तर सुटका नाही. वेबसाइटवरच्या गुणांकनावर फार विसंबू नका. एका इयत्तेत चाळीस मुलं म्हणजे एक मूल अडीच टक्के, आणि दहापेक्षा कमी मुलांचा गट असला की राज्य आकडेच दाखवत नाही.

दिवाळीच्या सुट्टीचंही तुम्ही शेवटी विचारलंय. राज्याच्या धार्मिक सणांच्या यादीत दिवाळी आहे, त्यामुळे मूल घरी राहिलं तर गैरहजेरी माफ, चाचणी पुन्हा द्यायची सोय. शाळाच बंद ठेवायची तर बोर्ड हजेरी बघतं: त्या दिवशी किती मुलं आणि किती शिक्षक येत नाहीत, शाळेचे सक्तीचे 180 दिवस कसे भरतात. तेव्हा भावनेपेक्षा गेल्या दोन-तीन दिवाळ्यांची हजेरी घेऊन जा. आणि रविवारची मराठी शाळा वर्गखोल्यांत भरवायची असेल तर तो विषय बोर्डाचा नाही, बी.ए.चा. इमारत-वापराचा अर्ज, डिस्ट्रिक्टचं नाव घातलेलं विम्याचं प्रमाणपत्र आणि सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या कस्टोडियनचा (इमारतीची देखभाल करणाऱ्याचा) ओव्हरटाइम, एवढं तयार ठेवलंत की काम होतं.

यंदा एवढं करा: सप्टेंबरपासून अजेंडे आणि बिलांच्या याद्या वाचायला लागा, जानेवारीत बैठकीला जा, आणि तुमच्यातल्या एकाला बोर्डावर पाठवायचा विचार करा. नागरिकत्व आणि मतदार नोंदणी लागते, गावात वर्षभराचा रहिवास लागतो. एच-वन किंवा ग्रीन कार्डवर उभं राहता येत नाही, पण बैठकीत बोलता येतं, पी.टी.ए.त (पालक-शिक्षक संघात) आणि बोर्डाने नेमलेल्या सल्लागार समित्यांत बसता येतं. नोव्हेंबरच्या निवडणुकीचा अर्ज कौंटी क्लार्ककडे जुलैच्या शेवटच्या सोमवारी दुपारी चारपर्यंत जातो. लहान गावांत कितीदा तरी जागा तीन आणि अर्ज दोन अशी स्थिती असते. मग तिसरी जागा कोणीतरी हाताने नाव लिहिलेल्या चार मतांवर जिंकतं.